टेकडी नैसर्गिक असल्याचा दाखला

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. "काका, तुमचा एखादा अनुभव लिहा ना. म्हणजे कसं, एका सुटकेसवर अमेरिकेत आलात, स्ट्रगल केलंत, असं काहीतरी." मी म्हटलं, बाई, एका सुटकेसवाले तुमच्याकडे आधीच अकरा आहेत आणि दर वर्षी त्यांची सुटकेस लहान होत चालली आहे. मी दोन सुटकेसा घेऊन आलो होतो आणि विमानतळावर घ्यायला मेहुणा आला होता. स्ट्रगल म्हणाल तर मेहुण्याकडे दोन महिने राहिलो तेवढाच. तेव्हा मी आपला मातीबद्दल लिहितो.

मी ओहायोत तीस वर्षं माती तपासली. इमारत उभी करायची तर तिच्याखाली काय आहे ते आधी बघावं लागतं. त्यासाठी जमिनीत भोक पाडायचं, त्यात एक पोकळ नळी उतरवायची आणि तिच्यावर एकशेचाळीस पौंडांचा हातोडा तीस इंचांवरून सोडत राहायचा. नळी एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. कमी ठोके लागले तर माती भुसभुशीत, जास्त लागले तर घट्ट. मग नळी वर काढून आतली माती बघायची, चोळायची, हुंगायची आणि, खरं सांगायचं तर, दाताखाली धरून बघायची. बारीक गाळ दाताखाली कचकचतो, चिकणमाती लोण्यासारखी पसरते. प्रयोगशाळेला हेच सांगायला दोन दिवस लागतात. आमची शैला पार्ट्यांमध्ये सांगायची, "ह्यांचं लंच साइटवरच होतं." मराठीत माती खाणं म्हणजे दुसरंही काही असतं, ते वाचकांना ठाऊक आहे. तेही मी केलं, आणि तेच सांगायला बसलो आहे.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की माणसाने टाकलेल्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही. भराव म्हणजे आळशीपणाचा इतिहास असतो. मी भरावांतून फ्रीजची दारं काढली आहेत, बुटांचे जोड काढले आहेत, एकदा तर अख्खी स्टेशनवॅगन काढली आहे. एका गिऱ्हाइकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की माझ्या वडिलांनी ह्या जमिनीला हातसुद्धा लावला नव्हता. त्या जमिनीत नऊ फुटांवर त्याच्या वडिलांच्याच दुकानाची पाटी निघाली. अशी पंधरा वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालं होतं. वाईट माती माणसाची, चांगली माती निसर्गाची. हे मत घेऊन मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका टेकडीपाशी जाऊन उभा राहिलो.

कोलंबस शहराच्या दक्षिणेला मक्याच्या शेतात एक शॉपिंग सेंटर व्हायचं होतं. बिल्डरचं नाव हार्लन. जागेच्या बरोबर मध्ये वीस-बावीस फूट उंचीची गोल टेकडी होती, तिच्यावर ओकची झाडं. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी अर्ज केला होता, की ही टेकडी मूळच्या लोकांनी हातांनी रचलेली आहे, तिला धक्का लावू नये. खाजगी जमिनीवर कायदा तसा ढिलाच होता. पण शॉपिंग सेंटरला हायवेवरून उतरायला नवा रॅम्प हवा होता, त्यात सरकारचा हात होता, आणि म्हणून सरकारला एक दाखला हवा होता. टेकडी नैसर्गिक असेल तर सपाट करून टाका, मनुष्यनिर्मित असेल तर थांबा.

"मनुष्यनिर्मित!" हार्लन म्हणाला. "अरे, इथले इंडियन हरणांमागे धावत होते. ते कशाला टेकड्या रचतील? आणि कधी?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू? माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातही तेच होतं. घनदाट अरण्य, त्यात तुरळक भटकी माणसं, आणि युरोपातून जहाजं येईपर्यंत कोणी काडी इकडची तिकडे केलेली नाही. आणि मी राहत होतो ते शहर तर त्या जहाजांवरच्या मुख्य गृहस्थाच्या नावाने वसलेलं.

माझ्याबरोबर ड्रिल चालवायला रे होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, मोजून बोलणारा. तो शॉनी जमातीचा, ओक्लाहोमातून आलेला. त्याच्या पूर्वजांना ह्याच ओहायोतून हाकलून तिकडे पाठवलं होतं आणि हा पोटापाण्यासाठी उलटा इकडे आला होता. रे इंडियन आणि मीही इंडियन, ह्यावर ऑफिसात रोज जो विनोद व्हायचा तो वाचकांनी मनातल्या मनात करून घ्यावा. मी तो इतक्यांदा ऐकला आहे, की आता छापायची इच्छा नाही.

आम्ही टेकडीत तीन भोकं पाडली. ठोके असे एकसारखे पडत होते, की मी खूश झालो. माती घट्ट आणि स्वच्छ. बाटली नाही, वीट नाही, चिंधी नाही. मी थोडी दाताखाली धरली. लोणी.

रे म्हणाला, "हे कोणीतरी बांधलंय."

"कोणी?"

"तेव्हा इथे राहत होते त्यांनी. आमचेच होते असं मी छातीठोक सांगणार नाही. मी तेव्हा हजर नव्हतो."

"रे, ही माती किती दाबलेली आहे बघ. असं दाबायला रोलर लागतो. त्यांच्याकडे काय रोलर होता?"

"पाय होते," रे म्हणाला.

मी पोट धरून हसलो. त्याने खांदे उडवले आणि ड्रिल गाडीवर चढवलं.

त्याच आठवड्यात ऑफिसची पिकनिक होती. आमचा मालक वॉल्टर, त्याच्या बायकोने मला अगदी निरागसपणे विचारलं, "यॅश, ब्रिटिश येण्यापूर्वी तुमच्याकडे घरं होती का?" यशवंतचा यॅश झाला होता ते मी केव्हाच गिळलं होतं, पण हे गिळवेना. मी तिला मोहेंजोदडोच्या गटारांपासून जे सुरू केलं ते वेरूळपर्यंत येईस्तोवर तिच्या हातातलं बटाट्याचं सॅलड सुकून गेलं. आपले पूर्वज कोण होते हे ह्या अडाणी लोकांना कोणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटत होतं. आणि सोमवारी ऑफिसात जाऊन मी लिहिलं, 'सदर टेकडी हिमनदीने आणून टाकलेल्या मातीची असून पूर्णपणे नैसर्गिक आहे.' खाली सही केली, परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का मारला. माझा आणि वॉल्टरच्या बायकोचा आजार एकच आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता गणपतीकडे वळतो. त्या काळी मंडळाला मूर्ती मिळायची मारामार होती. दोन वर्षं तर आम्ही कॅलेंडरवरच्या गणपतीची प्रतिष्ठापना केली होती, खालचं ऑगस्टचं पान दुमडून. त्या वर्षी मात्र आमचे सेक्रेटरी जोशी ह्यांच्या सुमनमावशी पेणहून आल्या होत्या. त्यांच्या सासरी गणपतीचा कारखाना, म्हणजे चाळीस वर्षं मातीत हात. कमिटीत ठराव झाला, की मूर्ती मावशींनी करायची आणि माती यशवंतने आणायची. मातीचा माणूस म्हणून मंडळाने मला दिलेलं हे पहिलं आणि शेवटचं मानाचं काम.

माती तयारच होती. हार्लनला टेकडीची माती पार्किंगखाली भरायला वापरायची होती, म्हणून आम्ही चाचणीसाठी दोन पोती भरून आणली होती. दाखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत चाचण्या झाल्या, उरलेली माती लॅबमधून जाणार ती कचऱ्यात. ओहायोतली इतकी सुंदर माती टाकायची कशी? मी पोती गाडीत घातली आणि आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. नेसलेलं लुगडं, पायांत भाच्याचे स्पोर्ट्स शूज. पोतं ओतलं, एक ढेकूळ उचलून फोडलं, बोटांत कुस्करलं.

"शाडू नाही," त्या म्हणाल्या, "पण शाडूची मावसबहीण शोभेल. कुठल्या कारखान्यातून आणलीस रे?"

"कारखाना नाही मावशी. रानातली आहे, एका टेकडीची."

"मग गाळली कोणी?"

"कोणीच नाही. हिमनदीने आणून टाकली आहे, हजारो वर्षांपूर्वी."

हिमनदी म्हणजे काय ते मी त्यांना हातवारे करून समजावलं. डोंगराएवढं बर्फ, ते सरकतं, वाटेतलं सगळं खरवडून बरोबर आणतं, माती, वाळू, दगडगोटे.

"दगडसुद्धा?"

"घराएवढाले दगड आणते मावशी."

"मग ह्यात एक खडा का नाही?" मावशींनी विचारलं. "तुझ्या त्या हिमनदीला कुणी सूप दिलं होतं का पाखडायला?"

जोशी हसला. मी हसलो नाही. मी घरात जाऊन ब्रीफकेसमधून नोंदींचे कागद काढले. तिन्ही भोकांच्या नोंदींत, माझ्याच अक्षरात, 'खडे: नाहीत' असं ओळीने लिहिलेलं होतं. मी लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. बिनखड्याची चिकणमाती तळ्याच्या तळाशी सापडते, पण तळं काही टेकडी चढत नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोराने तोंडी परीक्षेत सांगितलं असतं.

परत आलो तर मावशींनी ढेकळं ओळीने मांडली होती. पिवळी, निळसर, तांबूस. एका ढेकळात पिवळी आणि निळी चिकटलेली होती, ते त्यांनी बरोबर सांध्यावर मोडलं. "ही एका जागची, ही दुसऱ्या जागची. ओल्यावर ओली टाकली, की अशी धरते. टोपली टोपली आणून चोपलेय. आमच्याकडे अंगण करतात ते असंच. कुणी केलं रे हे? हात चांगला आहे."

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी, इथली मास्टर्स डिग्री, पंधरा वर्षांचा अनुभव, आणि मला जे दिसलं नाही ते सातवी शिकलेल्या बाईला पाच मिनिटांत दिसलं. तिला दिसलं, कारण हातांनी चांगलं काम होतं ह्यावर तिचा विश्वास होता. माझाही होता, पण तो वेरूळपुरता.

"काय होतं तिथे?" मावशींनी विचारलं.

"नक्की माहीत नाही. बहुतेक समाधी. किंवा देवस्थान."

मावशींनी हात बाजूला घेतले आणि नळाखाली धुतले. "मग ह्याचा गणपती नाही व्हायचा. दुसऱ्याच्या देवाची माती उकरून आपला देव करायचा? नेऊन ठेव जागच्या जागी."

"पण मावशी, शेवटी विसर्जनच करायचंय ना?" जोशी म्हणाला.

"तू गप्प बस."

त्या दिवशी मंगळवार होता. गुरुवारी बुलडोझर येणार होते, ते माझ्या सहीवर. सही मागे घ्यायची तर चूक झाली असं लिहून द्यायचं, वर पुन्हा तोच शिक्का मारून. वॉल्टरने मला नव्या वर्षात पार्टनर करायचं कबूल केलं होतं. त्याच भरवशावर आम्ही डब्लिनमध्ये, म्हणजे कोलंबसच्याच एका उपनगरात, घर बघून ठेवलं होतं, मागे अंगण, मुलीला चांगली शाळा. शैलाने सगळं नीट ऐकलं. मग म्हणाली, "पार्टनरशिप गेली तर घर कॅन्सल करावं लागेल, समजतंय ना? मला घर हवंय. ते मी लपवणार नाही. पण सही तुमची आहे. मला विचारून करू नका आणि नंतर मला ऐकवू नका." ह्याहून प्रामाणिक सल्ला मला आयुष्यात मिळालेला नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता.

बुधवारी सकाळी वॉल्टरच्या खोलीत गेलो. त्याने ऐकून घेतलं, सिगार विझवला. "तुला हे कोणी सांगितलं?"

"पेणहून एक बाई आल्या आहेत."

"त्यांच्याकडे परवाना आहे?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं, "आणि त्याचं काय झालं ते आपण बघतोय."

तो मला तासभर समजावत होता. टेकडी नैसर्गिक नाही हे तरी कशावरून? संशयाचा फायदा गिऱ्हाइकाला का नको? मला खरोखर भीती वाटत होती. पण एकदा दिसलेलं दिसेनासं करता येत नाही, मी तरी ती विद्या शिकलो नव्हतो. तीन परिच्छेदांचं पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि स्वतः जाऊन सरकारी ऑफिसात दिलं. हार्लनने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे देता येणार नाही, हा अंक घराघरांत जातो. आमच्या कंपनीचं ते काम गेलं. दारावरच्या पाटीवर माझं नाव कधी लागलं नाही. डब्लिनचं घर एका दातांच्या डॉक्टरने घेतलं आणि आम्ही जुन्या घरात आणखी पंधरा वर्षं काढली.

बुलडोझर थांबले. सरकारतर्फे ब्रायन नावाचा एक दाढीवाला पुरातत्त्वज्ञ आला आणि त्याने टेकडीच्या कडेला एक चर खणला. मी आणि रे बघायला गेलो. चराची भिंत म्हणजे गोधडी होती. पिवळा तुकडा, निळा तुकडा, तांबडा तुकडा, प्रत्येक एका टोपलीएवढा. ब्रायन म्हणाला, पिवळी नदीकाठची आहे, निळी दलदलीतली, म्हणजे कितीतरी मैलांवरून वाहून आणलेली. ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची पद्धत. जवळपास मोठं गाव सापडत नाही, म्हणजे माणसं लांबलांबून येऊन काम करून परत जात असली पाहिजेत.

"कोडं एकच आहे," ब्रायन म्हणाला. "इतकी माणसं राबवायला कोणीतरी राजा हवा. पण राजवाडा नाही, कोठारं नाहीत. मग हुकूम कोणाचा?"

रेने विचारलं, "तुमच्या चर्चची जेवणं कोणता राजा घालतो?"

ब्रायन विचारात पडला. मी मात्र पडलो नाही, कारण मी मंडळात होतो. आमच्या मंडळात राजा नाही. अध्यक्ष आहे, त्याचं कोणी ऐकत नाही. कमिटी आहे, तिच्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नाहीत. तरीही गणपतीला तीन राज्यांतून माणसं येतात, आपापल्या घरून पातेली आणतात आणि तीनशे माणसांचं जेवण वेळेवर होतं, म्हणजे दीड तास उशिरा होतं. मी हे सगळं ब्रायनला सांगितलं. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. जोशीचं नाव अमेरिकन पुरातत्त्वात गेलं की नाही, मला कल्पना नाही.

आता अलीकडे दुसरीच फॅशन आली आहे. ते लोक म्हणजे सगळे ऋषिमुनी, झाडांशी बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. माझा ह्यावरही विश्वास नाही. ज्यांनी एवढी माती वाहिली ते भांडले असणारच. एकाने टोपली अर्धीच भरली असेल, एकाची पाठ नेमकी कामाच्या दिवशी धरली असेल, आणि निळी माती आधी घालायची की पिवळी, ह्यावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद झालं असेल. रानटीही नव्हते आणि संतही नव्हते. त्यांना काम येत होतं.

चर बुजवायच्या दिवशी मी दोन पोती परत नेली. आमची तीन भोकं रेने आणि मी त्याच मातीने भरली. दाबायला काही आणलं नव्हतं. रे पायांनी तुडवायला लागला, मीही लागलो. माझे ऑफिसचे बूट त्यात गेले. त्या वर्षी मावशींनी हळद-कणकेचा गणपती केला. तिसऱ्या दिवशी त्याचा एक कान पडला आणि मुलं विचारत राहिली, "काका, व्हेअर इज हिज इयर?"

रॅम्प आणि शॉपिंग सेंटर दोन्ही पुढे बाजूला सरकले, टेकडी वाचली. इथे हा लेख संपवला असता तर माझी जरा शोभा राहिली असती.

पण पुढल्या उन्हाळ्यात मी ऑफिसच्या जुन्या फायली काढून बसलो. का, ते सांगायला नको. दोन दिवस शोधल्यावर एक सापडली, त्याच्या सहा-सात वर्षं आधीची. शहराच्या दुसऱ्या टोकाची, शेतातली लहानशी गोल टेकडी. घट्ट, स्वच्छ, एकसारखी. खडे: नाहीत. नैसर्गिक. खाली माझी सही. तिथे आता फर्निचरचं मोठं दुकान होतं, त्यापुढे पार्किंग. आमचा सोफा तिथूनच घेतलेला.

जेवणाच्या सुट्टीत मी रेला घेऊन तिथे गेलो. जमीन अशी सपाट होती, की पाण्याचा थेंब कुठल्या बाजूला जाईल ते सांगता आलं नसतं. मी फाइल त्याच्या हातात दिली. त्याने उघडलीही नाही.

"आठवतंय मला," तो म्हणाला. "ड्रिल माझंच होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो होतो," रे म्हणाला. "तू हसलास."

त्या टेकडीचा प्रत्येक आकडा मला आजही पाठ आहे. कितव्या फुटाला किती ठोके पडले ते सांगतो, त्या दिवशी वारा कुठून होता ते सांगतो. तो बोललेला काही केल्या आठवत नाही.